एका सर्व्हरवर अनेक साइट: कमांड लाइनवरून व्हर्च्युअल होस्ट सांभाळताना

नवी मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीच्या गेटवर वॉचमन आधी विचारतो, “कुणाकडे जायचंय?” सेक्टर आणि प्लॉट नंबर बरोबर असतो म्हणूनच आपण गेटपर्यंत पोचलेलो असतो. पण आत चाळीस बिऱ्हाडं असतात, त्यामुळे नाव सांगावंच लागतं. वेब सर्व्हरचंही असंच असतं. आयपी पत्ता म्हणजे सेक्टर आणि प्लॉट. ब्राउझर तिथवर पोचला की मागणीसोबत ‘होस्ट’ नावाची एक ओळ पाठवतो आणि त्या ओळीत साइटचं नाव असतं. ते वाचून सर्व्हर ठरवतो की कुठल्या फोल्डरमधलं पान द्यायचं. एका यंत्रावर अशा जितक्या साइट मांडाल, तितके त्यावर व्हर्च्युअल होस्ट.

पूर्वी प्रत्येक साइटला स्वतंत्र आयपी पत्ता लागायचा. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीच्या १९९७ साली आलेल्या १.१ या आवृत्तीने होस्टची ओळ सक्तीची केली आणि एका पत्त्यावर कितीही साइट ठेवण्याची वाट पक्की झाली. आयपीच्या जुन्या, चौथ्या आवृत्तीत मिळून सुमारे ४२९ कोटीच पत्ते आहेत, त्यामुळे ही सोय नसती तर आपल्या वाचनालयांच्या आणि सोसायट्यांच्या साइटना जागाच उरली नसती.

वॉचमन आणि सर्व्हर यांच्यात एक फरक मात्र आहे. नाव जुळलं नाही तर वॉचमन तुम्हाला परत पाठवतो. सर्व्हर परत पाठवत नाही, तो यादीतल्या पहिल्या साइटकडे पाठवतो. मी ठाण्यात आणि नवी मुंबईत छोट्या संस्थांच्या साइट सांभाळते आणि ऐरोली-महापेच्या कंपन्यांत नव्याने लागलेल्या काही मुलामुलींना हे काम शिकवते. त्यांचे बहुतेक गोंधळ या एका गोष्टीपाशीच येऊन थांबतात. म्हणून अंदाज बांधत बसण्याऐवजी सर्व्हरलाच विचारायची सवय लावून घ्या. पुढच्या प्रत्येक पायरीवर मी तेच करून दाखवणार आहे.

लेखातल्या आज्ञा आपण फोनवर एकमेकांना सांगतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत करायच्या, मी वेगळं सांगितलं नाही तर लहान अक्षरांत, आणि आकडेही इंग्रजी. तिरकी रेघ, आडवी रेघ, मोकळी जागा जिथे दिसते तिथेच ठेवायची.

सरावाची जागा

शिकताना चालू सर्व्हरला हात लावू नका. घरातल्या जुन्या लॅपटॉपवर किंवा व्हर्च्युअल मशीनवर उबुंटू हे लिनक्स टाका आणि अपाचे हा वेब सर्व्हर बसवा (आज्ञेआधीचं ‘सुडो’ म्हणजे ती प्रशासकाच्या अधिकाराने चालवणं):

```
सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी इन्स्टॉल अपाचे२
```

ब्राउझरमध्ये १२७.०.०.१ उघडा. अपाचेचं स्वागताचं पान दिसलं की पुढे जायला हरकत नाही.

आता दोन साइट मांडू, एक वाचनालयाची आणि एक पोळीभाजी केंद्राची. नावं ‘वाचनालय.टेस्ट’ आणि ‘पोळीभाजी.टेस्ट’. शेवटी ‘टेस्ट’ मुद्दाम घेतलं आहे, कारण १९९९ पासून ते सरावासाठी राखून ठेवलेलं आहे आणि खऱ्या इंटरनेटवर कुणाला कधीच मिळणार नाही. बरेच जण सरावाला ‘.डेव्ह’ वापरतात. ते टाळा. ते खरं डोमेन आहे आणि ब्राउझर त्यावर एचटीटीपीएसची, म्हणजे सुरक्षित जोडणीची, सक्ती करतात, त्यामुळे साधी साइट उघडतच नाही आणि चूक आपलीच असावी असं वाटत राहतं.

ही नावं आपल्या यंत्राला माहीत नाहीत, ती आपणच सांगायची. ‘सुडो नॅनो /ईटीसी/होस्ट्स’ देऊन फाइल उघडा आणि तळाशी एक ओळ घाला:

```
१२७.०.०.१ वाचनालय.टेस्ट पोळीभाजी.टेस्ट
```

फोल्डर आणि परवानग्या

```
सुडो एमकेडीआयआर -पी /व्हीएआर/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/वाचनालय
सुडो सीएचओडब्ल्यूएन -आर $यूझर /व्हीएआर/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/वाचनालय
```

दुसऱ्या ओळीतला ‘आर’ आणि ‘यूझर’ हे मोठ्या अक्षरांत. त्या ओळीमुळे फोल्डरची मालकी तुमच्या नावावर येते. अपाचे ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या नावाने वावरतो आणि साध्या साइटसाठी त्याला फक्त वाचता आलं तरी पुरतं. सगळं फोल्डर त्याच्याच मालकीचं करून टाका, असा सल्ला जागोजागी मिळतो. मी तो देणार नाही. उद्या साइटमध्ये एखादं भोक निघालं, तर घुसणाऱ्याला सगळ्या फायली बदलायची मुभा आपणच देऊन ठेवलेली असते.

फोल्डरमध्ये ‘इंडेक्स.एचटीएमएल’ नावाची फाइल करा आणि तिच्यात फक्त ‘वाचनालय’ एवढं लिहा. पोळीभाजीसाठी हेच पुन्हा करा. दोन्ही पानं वेगळी दिसली पाहिजेत, नाहीतर कुठली साइट उघडली हे कळणार नाही.

साइट स्वतःच्या होम फोल्डरमध्ये ठेवायचा मोह होतो. उबुंटूच्या २१.०४ या आवृत्तीपासून नवं होम फोल्डर इतरांना बंद असतं, त्यामुळे अपाचेला आत शिरता येत नाही आणि पडद्यावर ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’, येतो. फाइलची परवानगी ठीक असली तरी वाटेतलं एकही फोल्डर बंद असेल तर साइट अडते. दार कुठे बंद आहे ते पाहायला ‘नेमआय -एल’ आणि त्यापुढे फाइलचा पूर्ण रस्ता द्या. ही आज्ञा मुळापासून टोकापर्यंत प्रत्येक फोल्डरची परवानगी ओळीने दाखवते. सीएचमॉड ७७७ करून, म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा देऊन, बघण्याआधी हे करा. खरं तर ७७७ करूच नका.

साइटची फाइल

उबुंटू आणि डेबियनमध्ये साइटच्या फायली ‘/ईटीसी/अपाचे२/साइट्स-अव्हेलेबल’ मध्ये राहतात. प्रत्येक साइटची स्वतंत्र फाइल ठेवायची आणि तिचं नाव ‘.कॉन्फ’ ने संपलंच पाहिजे. अपाचे २.४ पासून तसं नसेल तर फाइल वाचलीच जात नाही.

‘सुडो नॅनो /ईटीसी/अपाचे२/साइट्स-अव्हेलेबल/वाचनालय.कॉन्फ’ देऊन आत हे लिहा:

```
<व्हर्च्युअलहोस्ट *:८०>
    सर्व्हरनेम वाचनालय.टेस्ट
    सर्व्हरअलायस डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.वाचनालय.टेस्ट
    डॉक्युमेंटरूट /व्हीएआर/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/वाचनालय
    एररलॉग /व्हीएआर/लॉग/अपाचे२/वाचनालय-एरर.लॉग
    कस्टमलॉग /व्हीएआर/लॉग/अपाचे२/वाचनालय-ॲक्सेस.लॉग कंबाइन्ड
</व्हर्च्युअलहोस्ट>
```

सर्व्हरनेम हे साइटचं मुख्य नाव, अलायस म्हणजे तिला मारलेल्या बाकीच्या हाका. लॉग म्हणजे सर्व्हरने ठेवलेली नोंदवही. अलायसची ओळ राहून गेली आणि कुणी पुढे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून साइट उघडली, तर नाव जुळत नाही आणि पाहुणा यादीतल्या पहिल्या घरी जातो.

पहिल्या ओळीतल्या ताऱ्याकडेही लक्ष द्या. सगळ्या फायलींत ताराच ठेवा. एकीत तारा आणि दुसरीत तिथे प्रत्यक्ष आयपी पत्ता असेल, तर त्या पत्त्यावर आलेली मागणी आधी पत्तावाल्या फाइलकडे जाते आणि तारावाल्यांची नावं पाहिलीही जात नाहीत. कुणाकडून आयता आलेला सर्व्हर सांभाळायला घेताना हे हटकून तपासा. नाव बरोबर, फाइल बरोबर, तरी साइट चुकीचीच उघडते, अशा वेळी मला बहुधा हेच सापडलं आहे.

चालू करणं

```
सुडो ए२एनसाइट वाचनालय
सुडो अपाचे२सीटीएल कॉन्फिगटेस्ट
सुडो सिस्टिमसीटीएल रिलोड अपाचे२
```

पहिली आज्ञा ‘साइट्स-एनेबल्ड’ फोल्डरमध्ये फाइलचा दुवा करते, दुसरी लिहिण्यात चूक आहे का पाहते आणि तिसरी सर्व्हरला नवी मांडणी वाचायला लावते. मधली कधीही गाळू नका. ‘सिंटॅक्स ओके’ आलं तरच तिसरी द्यायची. तिच्याबरोबर ‘एएच००५५८’ अशी सूचना आली तर घाबरू नका. सर्व्हरला स्वतःचं नाव सापडत नाही एवढंच तिचं म्हणणं असतं आणि त्याने साइट अडत नाही. रिस्टार्टऐवजी रिलोड द्यायचं, कारण रिलोडमध्ये त्या क्षणी पान पाहत असलेल्या माणसाची जोडणी तुटत नाही.

पोळीभाजीच्या साइटचीही अशीच फाइल करा आणि याच तीन आज्ञांनी ती चालू करा. आता सर्व्हरला विचारू.

सर्व्हर, तुला काय समजलं?

```
सुडो अपाचे२सीटीएल -एस
```

इथला ‘एस’ मोठा. उत्तरात गेटवरचं रजिस्टरच उघडतं. कुठल्या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या कुठल्या दारावर, कुठल्या साइट आहेत, प्रत्येकीची टोपणनावं कोणती, ती कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीवरून आली, सगळं दिसतं. वरच्या बाजूला ‘डिफॉल्ट सर्व्हर’ असं लिहिलेलं असतं, तेच यादीतलं पहिलं घर. ही ओळ बोट ठेवून वाचा.

मग नुसत्या कागदावर न थांबता कर्ल या कमांड लाइनवरच्या प्रोग्रामने प्रत्यक्ष मागणी करून बघा:

```
कर्ल -एच "होस्ट: वाचनालय.टेस्ट" १२७.०.०.१
कर्ल -एच "होस्ट: पोळीभाजी.टेस्ट" १२७.०.०.१
कर्ल -एच "होस्ट: भलतंच.टेस्ट" १२७.०.०.१
```

इथेही ‘एच’ मोठा. पहिल्या दोन्हींत आपापलं पान यायला हवं. तिसरी आज्ञा सगळ्यात जास्त शिकवते. ‘भलतंच’ नावाची साइट आपण केलेलीच नाही, तरी सर्व्हर काहीतरी देतो. नुकतंच बसवलेल्या उबुंटूवर ते स्वागताचं पान असतं, कारण ‘०००-डिफॉल्ट.कॉन्फ’ ही फाइल वर्णानुक्रमे पहिली येते. नावाच्या सुरुवातीची तीन शून्यं त्यासाठीच आहेत. ही फाइल अनेक जण कचरा समजून बंद करतात. मग पुढची साइट पहिली होते आणि कुणीही आपलं डोमेन तुमच्या पत्त्याकडे वळवलं की त्या नावाखाली तुमच्या वाचनालयाचं पान दिसू लागतं.

मी ती फाइल ठेवते, पण आतलं पान काढून टाकते. त्यातल्या व्हर्च्युअलहोस्टमध्ये ‘रिडायरेक्ट ४०४ /’ एवढी एक ओळ घातली की अनोळखी नावाला ‘सापडलं नाही’ असं सरळ उत्तर मिळतं. वॉचमनने परत पाठवावं ही अपेक्षा अशी पुरी होते.

लॉग कुठे ठेवायचे

इथे थोडं थांबते, कारण यासाठी मी एक पूर्ण सकाळ मोजली आहे.

सुरुवातीला मी प्रत्येक साइटच्या लॉगना वेगळं फोल्डर करायचे. दिसायला नीटनेटकं होतं. एक संस्था आमच्याकडून साइट घेऊन गेली, तेव्हा मी दुपारी तिचं साइटचं फोल्डर आणि लॉगचं फोल्डर काढून टाकलं. साइट बंद करण्याची आज्ञा मात्र द्यायची राहिली. संध्याकाळपर्यंत बाकीच्या साइट सुरळीत चालल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन सुरू झाले: वाचनालय बंद, क्लासची साइट बंद, त्या सर्व्हरवरचं सगळंच बंद.

झालं होतं ते असं. चालू असलेल्या अपाचेने लॉगच्या फायली आधीच उघडून ठेवल्या होत्या, त्यामुळे फोल्डर गेलं तरी त्याला फरक पडला नाही. उबुंटूवर लॉगरोटेट नावाचा प्रोग्राम रोज जुने लॉग बाजूला सारतो आणि मग अपाचेला रिलोड देतो. त्या रात्रीच्या रिलोडमध्ये अपाचे मांडणी पुन्हा वाचायला गेला. साइटचं फोल्डर नाही, यावर तो नुसती ताकीद देतो. लॉगचं फोल्डर नाही, यावर मात्र तेव्हाचा तो जुना अपाचे पूर्ण बंद पडला. एका गेलेल्या साइटमुळे राहिलेल्या सगळ्या साइट गेल्या.

याहून वाईट म्हणजे तेव्हा कॉन्फिगटेस्टला हे दिसत नसे. ती चाचणी फक्त लिहिलेलं तपासायची, त्यामुळे फोल्डर नसतानाही ‘सिंटॅक्स ओके’ यायचं. आताच्या अपाचे २.४ मध्ये लॉगचं फोल्डर नसेल तर चाचणीच नापास होते. सरावाच्या यंत्रावर एकदा मुद्दाम करून बघा: एररलॉगच्या ओळीत नसलेल्या फोल्डरचं नाव घाला आणि चाचणी घ्या. ती नापास होताना एकदा डोळ्यांनी पाहिलं की विसरायला होत नाही. सर्व्हर कधी पडलाच तर कारण शोधायला ‘सुडो जर्नलसीटीएल -यू अपाचे२’ द्या.

तेव्हापासून माझे सगळे लॉग ‘/व्हीएआर/लॉग/अपाचे२’ मध्येच असतात, फाइलच्या नावात साइटचं नाव घालून. त्याचा आणखी एक फायदा होतो. लॉगरोटेटची तयार मांडणी थेट त्या फोल्डरमधल्या ‘.लॉग’ फायलीच पाहते, आतल्या उपफोल्डरमध्ये शिरत नाही. तिथे ठेवलेले लॉग न कापता वाढत राहतात आणि एक दिवस डिस्क भरते.

लॉग चालू असताना पाहायचा असेल तर ‘सुडो टेल -एफ’ आणि पुढे फाइलचा रस्ता. साइट उघडून बघा, ओळ कुठल्या साइटच्या लॉगमध्ये पडते तेही सर्व्हरचंच उत्तर आहे.

खरं डोमेन आणि एचटीटीपीएस

खऱ्या सर्व्हरवर जाताना डोमेनची डीएनएस नोंद, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी नोंद, आधी त्या आयपी पत्त्याकडे वळवा आणि ८० (साधी साइट) व ४४३ (एचटीटीपीएस) हे दोन्ही पोर्ट उघडे आहेत ना ते पाहा. भाड्याच्या सर्व्हरवर बहुधा दोन फायरवॉल असतात, एक उबुंटूची आणि एक सर्व्हर देणाऱ्या कंपनीच्या पॅनेलमधली. एक उघडून दुसरी विसरणं फार सहज होतं.

एचटीटीपीएसला लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून फुकट मिळतं. सर्टबॉट हा प्रोग्राम आणि त्याचा अपाचेसाठीचा भाग बसवला की:

```
सुडो सर्टबॉट --अपाचे -डी तुमचंडोमेन.इन -डी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.तुमचंडोमेन.इन
सुडो सर्टबॉट रिन्यू --ड्राय-रन
```

सर्टबॉट तुमच्या फाइलशेजारी ‘-एलई-एसएसएल.कॉन्फ’ ने संपणारी दुसरी फाइल करतो, ४४३ पोर्टसाठी. इथून पुढे साइटमध्ये बदल करायचा तर दोन्ही फायली पाहायच्या. नेहमीचं प्रमाणपत्र ९० दिवस चालतं आणि आपोआप नवं होतं. ते खरंच होईल का हे दुसरी ओळ तपासून सांगते. चाचणी पुन्हा पुन्हा करायची असेल तर ड्राय-रननेच करा. खऱ्या मागण्यांवर मर्यादा आहेत आणि त्या ओलांडल्या की काही काळ थांबावं लागतं.

४४३ वरही पहिल्या घराचा नियम लागू आहे. ज्या नावाचं प्रमाणपत्र काढलेलं नाही ते कुणी एचटीटीपीएसने उघडलं, तर सर्व्हर ४४३ वरच्या पहिल्या साइटचं प्रमाणपत्र पुढे करतो आणि ब्राउझर लाल इशारा देतो. इशाऱ्यात दुसऱ्याच साइटचं नाव दिसलं तर कारण हेच. पुन्हा ‘अपाचे२सीटीएल -एस’ कडे वळा.

मराठी नावाचं डोमेन

देवनागरीतलं ‘.भारत’ ऑगस्ट २०१४ पासून मिळतं आणि मराठी संस्थांनी ते घ्यावं असं मला मनापासून वाटतं. फक्त सर्व्हरनेमच्या ओळीत देवनागरी नाव टाकून चालत नाही. ब्राउझर असं नाव आधी रोमन अक्षरांच्या एका संकेतात बदलतो आणि होस्टच्या ओळीत तोच संकेत पाठवतो. त्याची सुरुवात ‘एक्सएन--’ अशी होते. ‘.भारत’ चा संकेत आहे ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’. तुमच्या पूर्ण नावाचा संकेत काढायला ‘आयडीएन२’ हा छोटा प्रोग्राम बसवा, त्यापुढे देवनागरी नाव द्या आणि जे उत्तर येईल ते सर्व्हरनेममध्ये घाला. सर्टबॉटलाही तेच द्या. ऱ्हस्व-दीर्घ तपासून घ्या. एक वेलांटी बदलली तरी संकेत पूर्ण वेगळा होतो.

एनजिनएक्स असेल तर

एनजिनएक्स हा अपाचेसारखाच दुसरा वेब सर्व्हर. कल्पना सगळी हीच. तिथे व्हर्च्युअल होस्टला ‘सर्व्हर ब्लॉक’ म्हणतात, नावाची ओळ ‘सर्व्हर_नेम’, आणि पहिलं घर कोणतं हे ‘डिफॉल्ट_सर्व्हर’ लिहून स्पष्ट सांगता येतं. ए२एनसाइटसारखी आज्ञा नाही, दुवा ‘एलएन -एस’ ने स्वतः करायचा आणि त्यात फाइलचा पूर्ण रस्ता द्यायचा. चाचणीची आज्ञा ‘सुडो एनजिनएक्स -टी’. ती लॉगच्या फायलीही उघडून पाहते, त्यामुळे माझ्यावर आली तशी रात्र तिने आधीच पकडली असती. सर्व्हरने घेतलेली सगळी मांडणी एकत्र वाचायची असेल तर तीच आज्ञा मोठा ‘टी’ घालून द्या.

साइट काढताना

इथे क्रमच महत्त्वाचा. आधी साइट बंद करा, मग सर्व्हरला सांगा आणि फायली सगळ्यात शेवटी काढा:

```
सुडो ए२डिससाइट पोळीभाजी
सुडो अपाचे२सीटीएल कॉन्फिगटेस्ट
सुडो सिस्टिमसीटीएल रिलोड अपाचे२
ए२क्वेरी -एस
```

ए२डिससाइट फक्त दुवा काढते, मूळ फाइल जागेवर राहते, त्यामुळे चुकलं तर परत चालू करता येतं. सर्टबॉटने केलेली ‘-एलई-एसएसएल’ फाइलही अशीच बंद करायला विसरू नका. शेवटची आज्ञा, लहान ‘एस’ घालून, अजून चालू असलेल्या साइटची यादी देते. त्या यादीत पोळीभाजी दिसत नसेल तर ‘सुडो सर्टबॉट डिलीट’ देऊन तिचं प्रमाणपत्र काढा. मी साइटचं फोल्डर आणि लॉग यानंतर आठवडाभर तसेच ठेवते, कारण संस्थेला एखादा जुना फोटो हमखास नंतर आठवतो. आठवड्याने ते काढले की जुन्या नावाने एकदा कर्ल करा आणि ४०४ येतो का पाहा.